तिरोड्याचे जनरल आणि त्यांच्या दोन सनदा



तिरोडा म्हटलं की आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर एकच गाव येतं. आपलं स्टेशन, आपल्या धानाच्या बांध्या, आपला वीज प्रकल्प. २३ जानेवारीला नेताजींच्या जयंतीच्या परिपाठात मी मुलांना सांगितलं की आझाद हिंद सेनेचे एक मोठे जनरल तिरोड्याला जन्मले. पोरांनी लगेच टाळ्या वाजवल्या. मग सांगावं लागलं की बाळांनो, हा तिरोडा आपला नाही, हा सावंतवाडीजवळचा, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला समुद्राकडचा. चेहरे थोडे पडले, पण गोष्ट ऐकायला सगळे तयार होते.

गोष्ट जगन्नाथराव भोसले यांची. सांगता सांगता मी इंग्रजी फौजेतली त्यांची शपथ सांगितली, मग आझाद हिंद सेना सांगितली. तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीने विचारलं की त्यांनी आधी राजाची शपथ घेतली होती, मग राजाच्याच विरुद्ध लढले, म्हणजे शपथ मोडली ना? आणि शपथ मोडणं वाईट असतं असं आपल्याला शिकवलंय ना?

खरं सांगते, त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. तो वेगळा काळ होता, असं काहीतरी बोलून मी पुढे गेले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. आपण मुलांना आझाद हिंद सेना शिकवतो ती दोन ओळींत. सिंगापूर, नेताजी, जय हिंद, झालं. त्या सेनेत गेलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या हातात आधी एक कागद होता आणि तो कागद सोडणं ही सोपी गोष्ट नव्हती, हे आपण सांगतच नाही. म्हणून जरा वाचलं. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी तो कागद म्हणजे काय ते पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे.

इंग्रजांच्या हिंदी फौजेत आपली माणसं लाखोंनी होती, पण बहुतेक शिपाई, नाईक, हवालदार. फार तर जमादार, सुभेदार. जमादार-सुभेदारांना मिळायची ती व्हाइसरॉयची सनद. कितीही वर्षं नोकरी झालेला सुभेदार असला तरी कालच विलायतेहून आलेला गोरा लेफ्टनंट त्याचा साहेब असायचा. कारण त्या गोऱ्या पोराकडे खुद्द राजाची सनद असायची, म्हणजे किंग्ज कमिशन. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी इंग्रजांनी सँडहर्स्ट या विलायतेतल्या लष्करी कॉलेजात हिंदी मुलांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या. अख्ख्या हिंदुस्थानातून दहा! तिथून उत्तीर्ण होऊन आलेल्या हिंदी मुलालाही राजाची सनद मिळू लागली. तरी १९२३ मध्ये असं ठरलं की हिंदी अधिकाऱ्यांना ठरावीक आठ पलटणींतच नेमायचं. असं केलं की गोऱ्या अधिकाऱ्याला काळ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करायची पाळी सहसा यायची नाही.

जगन्नाथराव १९०६ चे. सावंतवाडी तेव्हा संस्थान होतं आणि तिथल्या सावंत-भोसल्यांच्या घराण्याशी त्यांचं नातं. देहरादूनला १९२२ मध्ये मुलांसाठी लष्करी शाळा सुरू झाली, तिथे ते शिकले. मग सँडहर्स्ट. १९२८ मध्ये राजाची सनद मिळाली आणि पुढे मराठा पलटणीत ते अधिकारी झाले. कोकणातल्या घरोघरची माणसं त्या पलटणीत शिपाई म्हणून जायची. त्याच पलटणीत आपल्यातला माणूस साहेब म्हणून उभा राहणं हे त्या काळी किती मोठं असेल, आपल्या जिल्ह्यातला पोरगा कलेक्टर होऊन आपल्याच जिल्ह्यात आला तर कसं वाटेल तसं समजा. त्याहून जास्तच.

चौदा वर्षं त्यांनी ती सनद सांभाळली. मलायात लढाई सुरू झाली तेव्हा ते लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोचले होते.

१५ फेब्रुवारी १९४२. सिंगापूर पडलं. इंग्रजांनी जपान्यांपुढे हात वर केले. दोनच दिवसांनी, १७ तारखेला, फॅरर पार्क नावाच्या मैदानावर हिंदी सैनिकांना एकत्र केलं गेलं. किती? सुमारे चाळीस हजारांहून जास्त. गोऱ्या अधिकाऱ्यांना आधीच वेगळं काढून चांगीच्या छावणीत पाठवलं होतं. मैदानावर एका इंग्रज कर्नलने या सगळ्यांना जपानच्या मेजर फुजिवाराच्या ताब्यात दिलं. फुजिवाराने त्यांना कॅप्टन मोहनसिंगांच्या हवाली केलं. मोहनसिंग हे पंजाब रेजिमेंटचे कॅप्टन, त्यांनी हिंदी मुक्तिसेना उभारायचं आधीच ठरवलं होतं. ज्यांना सेनेत यायचं असेल त्यांनी या, असं आवाहन झालं.

आता मुलांना हा प्रसंग सांगताना इथे थांबा. घाई करू नका. मैदानावर उभ्या माणसाच्या बाजूने पाहा. ज्या राजाची शपथ घेतली त्याचा प्रतिनिधी आपल्याला शत्रूच्या हाती देऊन निघून गेला. मग शपथ अजून शिल्लक आहे का? काही अधिकाऱ्यांना वाटलं, नाही. ज्याने आपल्याला सोडलं त्याच्याशी आपण कशाला बांधलेले राहायचं? काहींना वाटलं, शपथ ती शपथ, राजा हरला म्हणून आपण फिरायचं नाही. काहींना जपान्यांवर अजिबात विश्वास नव्हता, त्यांनी चीनमध्ये काय केलं ते माहीत होतं. आणि काहींनी असाही विचार केला की आपण सेनेत गेलो तर निदान आपले जवान जपान्यांच्या हाती वेठीला लागणार नाहीत. एकाच मैदानावर इतके विचार. राजीनामा द्यायची सोयही नव्हती. युद्धकैदी अधिकाऱ्याने कुणाकडे राजीनामा पाठवायचा? कायद्याने पाहिलं तर सनद सोडायचा दरवाजाच बंद होता. जो गेला तो कायद्याच्या नजरेत बंडखोरच.

जगन्नाथराव गेले. १ सप्टेंबर १९४२ रोजी पहिली आझाद हिंद सेना रीतसर उभी राहिली, सुमारे सोळा हजार माणसांची. तिच्यातल्या हिंदुस्थान फील्ड फोर्स या मोठ्या तुकडीचे ते प्रमुख झाले. इथे एक मजा पाहा. सेनेचे मुख्य सेनापती मोहनसिंग हे इंग्रजी फौजेत कॅप्टन होते, जगन्नाथरावांपेक्षा कनिष्ठ. शाळेत कालच लागलेल्या सरांना मुख्याध्यापक केलं तर स्टाफरूममध्ये काय होईल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तशी कुरबुर त्या सेनेतही होतीच. पण जगन्नाथरावांनी काम घेतलं.

आता या गोष्टीतलं दुसरं माणूस आणते. हे मी आधी वर्गात सांगितलं नव्हतं, आता सांगते. कॅप्टन के. पी. धारगळकर, घोडदळाचे अधिकारी. आडनाव धारगळवरून आलेलं, धारगळ हे पेडणे तालुक्यातलं गाव, सावंतवाडीपासून फार दूर नाही. म्हणजे एकाच पट्ट्यातली दोन नावं, एकाच फौजेचे दोन अधिकारी. धारगळकर आझाद हिंद सेनेत गेले नाहीत. त्यांना आणि त्यांचे सहकारी हरी बधवार यांना जपान्यांनी पिंजऱ्यासारख्या कोठडीत कोंडून छळलं. धड उभंही राहता येऊ नये अशी ती जागा. तरी ते फिरले नाहीत.

भ्याड कोण आणि शूर कोण? सांगा आता मुलांना. मला वाटतं दोघेही शूर होते. हे वाक्य बोलायला सोपं आहे, पण पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींत ते बसत नाही.

१९४२ संपता संपता मोठा पेच आला. जपानी सरकार काही लेखी द्यायला तयार नव्हतं. ही सेना स्वतंत्र देशाची सेना मानणार की जपानचं प्यादं, याचं सरळ उत्तर मिळेना. त्यात जपान्यांनी काही तुकड्या ब्रह्मदेशात पाठवायला सांगितल्या. मोहनसिंग अडून बसले. कार्यकारी मंडळातून त्यांनी आणि आणखी सदस्यांनी राजीनामे दिले. २९ डिसेंबरला मोहनसिंगांना अटक झाली. मला पकडलं तर सेना विसर्जित झाली असं समजा, असा हुकूम त्यांनी आधीच करून ठेवला होता. बिल्ले उतरवले गेले, कागदपत्रं जाळली गेली. चार महिन्यांची सेना मोडली.

इथे जगन्नाथरावांची खरी परीक्षा झाली, असं मला वाटतं. फॅरर पार्कच्या दिवशी सगळेच गोंधळलेले होते. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये रासबिहारी बोस यांनी अधिकाऱ्यांना लेखी विचारलं, सेनेत राहायचं आहे की नाही. आता जपान्यांचा स्वभाव कळलेला होता, पहिला सेनापती तुरुंगात होता, आणि नाही म्हणायची वाट उघडी होती. इंग्रजी फौजेतून जे करता आलं नव्हतं ते इथे करता येत होतं, सरळ बाहेर पडता येत होतं. पुष्कळ जण पडलेही. ते परत युद्धकैदी झाले, आणि अशा कैद्यांपैकी अनेकांना पुढे न्यू गिनीसारख्या बेटांवर मजुरीला नेलं गेलं. तिथे उपासमार आणि रोगराईने कितीतरी मेले. म्हणजे नाही म्हणणाऱ्यांनी स्वस्तात सुटका करून घेतली असं कुणी म्हणू नये.

काही अधिकाऱ्यांनी अट घातली की सुभाषबाबू स्वतः येणार असतील तर राहतो. जगन्नाथराव राहिले. नुसते राहिले नाहीत, मोडलेली सेना परत बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. लष्करी विभाग नव्याने केला, त्याचे ते संचालक. सेनेचे सेनापती महंमद झमान कियानी, सरसेना कार्यालयाचे प्रमुख शाहनवाज खान, अधिकाऱ्यांच्या नेमणुका पाहणारे प्रेमकुमार सहगल. ही सगळी घडी त्या वसंतात बसली. जुलै १९४३ मध्ये नेताजी सिंगापूरला आले, ४ जुलैला त्यांनी नेतृत्व हाती घेतलं, ५ जुलैला सेनेचं संचलन पाहिलं. आपण मुलांना तिथून गोष्ट सुरू करतो. पण नेताजी आले तेव्हा सलामी द्यायला एक सेना उभी होती, ती मधल्या पाच महिन्यांत कुणीतरी सांभाळली म्हणून उभी होती. कारकुनी, रसद, रुसवे-फुगवे, जपान्यांशी रोजची घासाघीस. शाळेचा वार्षिक तपासणीचा दिवस सगळ्यांना दिसतो, आधीचं रजिस्टर भरणं कुणाला दिसतं?

२१ ऑक्टोबर १९४३ ला आझाद हिंद सरकार जाहीर झालं. त्यात सेनेचे प्रतिनिधी म्हणून जे अधिकारी मंत्री झाले त्यांत जगन्नाथराव होते. पुढे ते मेजर जनरल झाले. आता त्यांची सनद राजाची नव्हती, एका अशा सरकारची होती ज्याच्याकडे स्वतःच्या ताब्यात म्हणावी अशी जमीन जवळजवळ नव्हती. या सेनेचं अधिकारी-प्रशिक्षण केंद्र होतं, तिथून साध्या घरातली पोरंही अधिकारी होऊन निघत होती. सैनिकांत मलायातले तमिळ मजूर होते, रबराच्या मळ्यांत राबलेले. सावंतवाडीचा राजघराण्यातला साहेब आणि मळ्यातला मजूर एकाच सेनेत. वर्षाला दहा जागांचा हिशेब आठवला तर हा फरक लक्षात येईल.

इम्फाळच्या लढाईबद्दल मी इथे लिहीत नाही, ते तुम्ही शिकवताच. जगन्नाथरावांचं काम बहुतेक मुख्यालयातलं होतं. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान हरला. १७ ऑगस्टला नेताजी बँकॉकहून निघाले आणि परत आले नाहीत. बँकॉकमध्ये मागे राहिलेल्यांत जगन्नाथराव होते. इंग्रज आले, सगळे कैदेत गेले.

लाल किल्ल्यातला पहिला खटला शाहनवाज, सहगल आणि धिल्लन या तिघांवर झाला, नोव्हेंबर १९४५ मध्ये सुरू झाला. भुलाभाई देसाईंनी बचाव केला. त्यांचा मुद्दा आपल्या त्या मुलीच्या प्रश्नाचंच उत्तर होता. त्यांचं म्हणणं असं की गुलाम देशातल्या माणसांना आपल्या देशासाठी लढायचा हक्क असतो, आणि असं रीतसर सरकार, रीतसर सेना उभारून लढणाऱ्याला राजद्रोही म्हणता येत नाही. राजाची शपथ आणि देशाचं बोलावणं यांत टक्कर झाली तर माणूस देशाचा. आता गंमत अशी की याच खटल्यात सरकारी बाजूने साक्ष द्यायला आले त्यांत कॅप्टन धारगळकर होते. जे भोगलं ते त्यांनी सांगितलं. ते खोटं नव्हतं.

तिघांनाही जन्मठेप झाली. देशभर संताप उसळला होता. ३ जानेवारी १९४६ ला सरसेनापती ऑकिनलेक यांनी जन्मठेप माफ केली, पण फौजेतून बडतर्फी आणि थकलेला पगार जप्त, हे कायम ठेवलं. म्हणजे माणसं घरी जाऊ द्या, पण सनद गेली ती गेली. जगन्नाथरावही त्याच वर्षी सुटले.

मग देश स्वतंत्र झाला. तुम्हाला वाटेल आता तरी या लोकांना सन्मानाने भारतीय सेनेत घेतलं असेल. नाही घेतलं. इंग्रज गेले पण फौज तीच होती, तिचे अधिकारी तेच होते, ज्यांनी राजाची शपथ शेवटपर्यंत पाळली ते. त्यांच्यात या लोकांना परत बसवलं तर शिस्त बिघडेल असं ठरलं. धारगळकर स्वतंत्र भारताच्या सेनेत लेफ्टनंट जनरल झाले. जगन्नाथराव आझाद हिंदचे मेजर जनरल, पण भारतीय सेनेत परत कधीच गेले नाहीत. लोक त्यांना जनरल भोसले म्हणत राहिले तेवढंच. मला विचाराल तर हा निर्णय मला अजून पटत नाही. निदान ज्यांची इच्छा होती त्यांना एकदा विचारायला हवं होतं. पण फौज चालवणाऱ्यांची अडचणही खोटी नव्हती, हे मान्य करते.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे रत्नागिरीतून लोकसभेवर गेले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. पुनर्वसन म्हणजे फाळणीत घरदार सोडून आलेल्या निर्वासितांचं खातं. आणि इथून ही गोष्ट आपल्या धंद्यात, म्हणजे शाळेत शिरते.

दिल्लीत कस्तुरबा निकेतन नावाचं निर्वासितांचं वसतिस्थान होतं. तिथली मुलं. कुणाचे वडील गेलेले, कुणी आईचा हात सुटल्याचं पाहिलेलं. अशा मुलांना वर्गात बसवणं म्हणजे काय, ते कोरोनानंतर पहिल्या दिवशी शाळा उघडली तेव्हा आपल्याला थोडंसं कळलं होतं, त्याच्या शंभरपट धरा. १९५४ मध्ये जगन्नाथरावांनी तिथे मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. रोज कवायत, व्यायाम, समूहगीतं, शूरांच्या आणि देशाच्या गोष्टी. रांगेत उभं राहायचं, एकत्र पाऊल टाकायचं, एकत्र गायचं. तो चालला. नाव पडलं राष्ट्रीय शिस्त योजना. मग ती इतर शाळांत गेली, पुढे शिक्षण खात्याकडे आली. शिक्षक तयार करायला राजस्थानात सरिस्का इथे केंद्र निघालं. मंत्रिपद गेल्यावरही जगन्नाथराव हीच योजना सांभाळत होते.

मी कवायतीची फार भक्त नाही, हे आधीच सांगते. रांग सरळ आली म्हणजे मूल शिकलं असं नाही. त्या काळीही एन.सी.सी. वेगळी, ए.सी.सी. वेगळी, स्काउट वेगळे, ही योजना वेगळी, असा पसारा झाला होता आणि तो आवरायला कुंझरू समिती नेमावी लागली. पण ज्या मुलाचं सगळंच विस्कटलं आहे, त्याला सकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी उभं राहायला मिळणं, शेजारच्या मुलाच्या पावलाशी आपलं पाऊल जुळणं, याची किंमत वेगळी असते. मोडलेली सेना १९४३ मध्ये पुन्हा रांगेत उभी केलेल्या माणसाला ते सुचलं याचं मला नवल वाटत नाही.

१९६३ मध्ये ते गेले. वय फक्त सत्तावन्न. १९६५ मध्ये त्यांची योजना राष्ट्रीय शारीरिक क्षमता दलात मिळवली गेली, आणि पुढे तिचे शिक्षक राज्यांकडे सोपवले गेले. सावंतवाडीत त्यांच्या नावाचं उद्यान आहे. आणि तुमच्यापैकी जे मुंबईला मंत्रालयासमोरच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानात कधी कार्यक्रमाला गेले असतील, त्यांनी तो पत्ता नक्की लिहिला असेल, जनरल जगन्नाथ भोसले मार्ग. मीही एकदा लिहिला होता. कोण हे जनरल, असा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

परत त्या मुलीकडे येते. आठ दिवसांनी मी वर्गात भोसले आणि धारगळकर दोघांची गोष्ट सांगितली. फळ्यावर दोन नावं लिहिली आणि मुलांना विचारलं, तुम्ही मैदानावर असता तर काय केलं असतं. बहुतेकांनी भोसल्यांच्या बाजूने हात वर केले, तिघांनी धारगळकरांच्या, त्यातल्या एकाने नंतर खाली घेतला. प्रश्न विचारणारी मुलगी हात वर न करता बसून होती. तिला विचारलं तर म्हणाली की सैनिकांना विचारायला किती वेळ दिला होता ते आधी सांगा. मी म्हटलं, फार नाही. मग ती पुन्हा विचारात पडली आणि तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली.